पेटी कोणी उघडली

सार्जंटबाई म्हणाल्या, "उघडा," आणि मी कुलपाच्या चाकांवर अंगठा ठेवला तर तिथे काहीच नव्हतं. चार चाकं होती, शून्य ते नऊ आकडे होते, अंगठा माझाच होता, पण पुढे काय करायचं ते अंगठ्याला ठाऊक नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची एरवी निदान जागा तरी राहते. एखाद्याचं नाव आठवत नसलं तरी ते लांबलचक होतं की आटोपशीर, ते घेताना तोंड कसं व्हायचं, एवढं तरी हाताशी असतं. इथे जागासुद्धा पुसून गेली होती. मी बाईंकडे बघून हसलो. माणूस अशा वेळी का हसतो कोण जाणे. त्याही हसल्या, आणि कपातल्या तांबड्या चहात टोस्ट बुडवून त्याचं भिजलेलं टोक पडायच्या आत चटकन तोंडात टाकलं. विंडहुकच्या विमानतळावर सामान येतं त्या दालनाच्या कडेला पोलिसांची ही बंदुकांची खोली आहे. मी इथे आठ वेळा येऊन गेलो आहे. लाकडी टेबल, भिंतीशी विजेची शेगडी, जूनमधली, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातली, सकाळची बोचरी थंडी, आणि टेबलावर आडवी माझी ॲल्युमिनियमची पेटी. पेटीत बंदूक. बंदुकीवरचा नंबर बाई स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार, माझ्या कागदाशी ताडून बघणार, शिक्का मारणार, की मी बाहेर. आठही वेळा हे सगळं दहा मिनिटांत उरकलं होतं.

"सावकाश, आजोबा," त्या म्हणाल्या. "विमानात झोप झाली नसेल."

आजोबा म्हटल्याचा मला राग आला. इकडे पन्नाशीपुढच्या सगळ्यांनाच आजोबा म्हणतात हे मला माहीत आहे, आणि मी सदुसष्ट वर्षांचा आहे. तरीही आला. टेबलालगतच्या काचेच्या दारापलीकडे फेर्डल उभा होता. त्याचं काम माझ्याआधीच झालं होतं. आत एका वेळी एकच बंदूक आणि एकच मालक असा इथला नियम, म्हणून तो आपली पेटी घेऊन बाहेर थांबला होता. फेर्डल आमच्या ग्रात्सचाच, जन्मभर खाटकाचा धंदा केला, चाळीस वर्षं आम्ही एका शिकार मंडळात आहोत. त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं आणि ओठ हलवले. ऐकू आलं नाही तरी काय म्हणाला ते मला कळलं. "ट्राम सुटली का रे?" ग्रात्सच्या ट्रामचं वेळापत्रक लावायच्या कचेरीत मी अडतीस वर्षं काढली, तेव्हापासून तो हा एकच विनोद करतो. मी त्याला हात केला, सगळं ठीक आहे असा, आणि चाकांवर वाकलो.

पहिल्यांदा मी माझ्या पहिल्या हरणाच्या शिकारीची तारीख लावून पाहिली. आमच्या मंडळात निम्म्या लोकांच्या पेट्या तसल्या तारखेनेच उघडतात. नाही. मग घराचा नंबर, पुढे दोन शून्यं लावून. नाही. चार नंबरची पहिली ट्राम सुटायची ती वेळ, चार एक्कावन्न. ती वेळ मला झोपेत विचारली तरी सांगता आली असती, आताही आली, पण कुलपाला तिचं काही नव्हतं. चाकं गारठली होती आणि बोटाला चिकटत होती. पेटीचा आकडा मालकाखेरीज कोणाला ठाऊक असता कामा नये. कायदा तसा आहेच, पण आमच्या मंडळात त्याला कायद्याहून जास्त मान आहे. बायकोला सांगायचा नाही, भावाला सांगायचा नाही, कुठे लिहून ठेवायचा नाही. एकाने पाकिटात लिहून ठेवला होता, तर वर्षभर त्याला कोणी नावाने हाक मारली नाही, सगळे 'पाकीट' म्हणायचे. त्याला पाकीट म्हणणाऱ्यात मी पुढे होतो. हे मात्र मला लख्ख आठवत होतं, अगदी त्याचा पडलेला चेहरासुद्धा. जे नको ते सगळं जागच्या जागी होतं.

"कितीक आकडे होतात हो याचे?" बाईंनी विचारलं. त्यांच्या छातीवरच्या पाटीवर गारोएस असं आडनाव होतं. चाळिशीच्या असतील, गणवेशावरून लोकरीचा घरगुती रुमाल गुंडाळलेला.

"दहा हजार," मी म्हणालो. "एकाला चार सेकंद धरले तर अकरा तास, सहा मिनिटं, चाळीस सेकंद."

"अगंबाई! हे येतं आणि ते येत नाही?" त्या मोकळेपणी हसल्या. "माझी ड्यूटी दोनला संपते, आजोबा."

मलाही हसू आलं. हेच तर. हिशेब येतो. हिशेब मला मरेपर्यंत येईल. काल व्हिएन्नात त्यांनी पेटी उघडायलाच लावली नव्हती, नुसती यंत्रातून घातली आणि पट्टी चिकटवली. उघडायला लावली असती तर हे तिथेच कळलं असतं आणि मी काहीतरी सबब सांगून घरी गेलो असतो. की कालपर्यंत येत होतं आणि रात्रीतून गेलं? पेटी भरल्याचं मला आठवत होतं. मी सगळं आधीच भरून ठेवतो, आठ-दहा दिवस आधी. बायको, रोझवीथा, त्यावरून माझी थट्टा करते, म्हणते, तुझं मरणसुद्धा तू वेळेआधी भरून ठेवशील. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर बंदूक, तेलाचा वास, खिडकीतून येणारं ऊन. तिथून पुढे पेटी बंद. मधला तुकडा कोणीतरी कात्रीने कापून नेला होता.

ती बंदूक माझ्या सासऱ्यांची. त्यांनी मला मुलगी दिली आणि अकरा वर्षांनी बंदूक दिली, आणि दुसरी देताना ते रडले. अक्रोडाचा दस्ता पार नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, गालाला लागतो तिथे दोन पिढ्यांच्या गालांनी काळा झालेला. इथे आम्ही शिकारीला उतरतो त्या शेतावर भाड्याने हव्या तितक्या बंदुका मिळतात. त्या घेतल्या तर ना कागद, ना पेटी, ना ही खोली. दर वर्षी कोणीतरी मला हे शहाणपण शिकवतं, आणि दर वर्षी मी सांगतो की दुसऱ्याची बंदूक म्हणजे दुसऱ्याची कवळी. चावता येतं, पण घास आपला वाटत नाही. आमच्याकडे जनावर पडलं की त्याच्या तोंडात एक हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, आणि टोप्या काढून गप्प उभे राहतात. सासऱ्यांनी मला ते पहिल्यांदा करायला लावलं तेव्हा मला शरम वाटली होती, शहरात वाढलेला मी, वेळापत्रकातला माणूस. आता ते केल्याशिवाय मारल्यासारखंच वाटत नाही. माणसाची अशी एखादी तरी जागा असते जिथे तो पुरता असतो. कचेरीत मी कारकून होतो, घरी नवरा होतो, बाप होतो, थोडाथोडा सगळीकडे. पुरता मी त्या बंदुकीमागे होतो. म्हणून मला ती हवी होती. अजून एकदा. एवढंच मी मागत होतो, आणि ते या चार चाकांच्या पलीकडे दोन बोटांवर पडलेलं होतं.

यंदाच्या फेब्रुवारीत मी याकोमिनी चौकात उभा होतो. ग्रात्सच्या सगळ्या ट्राम त्या चौकात येतात आणि तिथून फुटतात. तिथल्या रुळांचं जाळं मी कागदावर इतक्या वेळा काढलं आहे की ते माझ्या तळहातावर असायला हवं. हातात रोझवीथाने सांगितलेले पाव होते. ट्राम येत होत्या, माणसं चढत होती, आणि यातली कुठली माझ्या घरी जाते हे मला कळेना. भीती अशी वाटली नाही. आधी राग आला, कोणीतरी आकडे बदलले म्हणून. मग मी समोर आली त्या ट्राममध्ये बसलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून त्याच ट्रामने परत आलो, आणि दुसऱ्या फेरीला खिडकीतून आमची बेकरी दिसली तेव्हा उतरलो. घरी सांगितलं, वाटेत जुना सहकारी भेटला. रोझवीथा म्हणाली, "पाव गार झाले." एवढंच. तेव्हापासून मी युक्त्या शिकलो. नाव आठवलं नाही की 'काय राव' म्हणायचं. गोष्ट अर्ध्यावर हरवली की खोकायचं. कोणी विचारलं, "आठवतं ना?" तर, "तूच सांग, तू छान सांगतोस." लोक खूश होऊन सांगतात. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात तसं, पण घर माझंच होतं आणि चोरी पण माझीच होत होती. माझी आई शेवटची सहा वर्षं अशीच गेली. ती पण आधी फार हुशारीने वागायची. वृद्धाश्रमात मी गेलो की म्हणायची, "या, या, किती दिवसांनी," आणि मला आनंद व्हायचा. नंतर कळलं की ती दूधवाल्यालाही तेच म्हणायची.

"नवीन कुलूप आहे का?" बाईंनी विचारलं. "नवीन असलं तर कारखान्याचा आकडा असतो. चार शून्यं."

मी चार शून्यं लावली. मग चार नऊ. मग बंदुकीच्या नंबरातले शेवटचे चार. बंदुकीचा नंबर मला पाठ होता, सहाच्या सहा आकडे मी बाईंना म्हणून दाखवले, आणि त्यांनी कागदावर बोट ठेवून मान डोलावली, शाळेतल्या बाईसारखी. कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. मला वाटलं, फेर्डलला आत बोलवावं. काय म्हणून बोलवावं? त्याला काय ठाऊक असणार? आणि त्याला कळलं की मंडळाला कळणार, मंडळाला कळलं की परवाना देणाऱ्या कचेरीला कळणार, की बंदूक गेली. मान वर करून पाहिलं तर तो काचेला नाक लावून उभा होता. विनोद करत नव्हता. मला त्याचा संताप आला, असा काय बघत उभा राहिलाय म्हणून.

"बाहेर एकटेच जाता की काय शिकारीला?" बाईंनी सहज विचारलं. बहुधा माझं मन रमवायला.

"नाही. शेतावरचा माणूस असतो. माग काढणारा."

तो हिस्किया. हिस्किया त्सुसेब. त्याचं नाव मी कधी विसरलो नाही. मागच्या वर्षी दुपार कलल्यावर आम्ही एका कुडूच्या, इकडच्या मोठ्या हरणाच्या, मागावर होतो. मोठा नर होता, शिंगांचे तीन पीळ. हिस्कियाने मला एका वारुळाला टेकवून बसवलं, हाताने खूण केली, थांब, मी पलीकडून बघून येतो, आणि काट्यांत शिरला. मी काठीवर बंदूक टेकवून बसलो. ऊन छान होतं. वारुळाची माती पाठीला ऊबदार लागत होती. आणि मग मी कुठे आहे ते सुटलं. घाबरलो नाही, उलट इतका स्वस्थ मी वर्षानुवर्षं नव्हतो. समोर काट्यांत काहीतरी करडं-तपकिरी हललं. माझ्या हातांनी सगळं केलं. आवाज न करता चाप तयार केला, गाल दस्त्याला लावला, दुर्बिणीत ते करडं आणलं, बोट आत गेलं. आमच्या बंदुकीला दोन चाप असतात, मागचा ओढून ठेवला की पुढच्याला नुसता श्वास पुरतो. आणि ते करडं शिंकलं. माणसासारखं, दोनदा. हिस्किया त्याचा करडा सदरा झटकत बाहेर आला तेव्हा माझी नळी खाली होती, पण किती खाली होती ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "सर्दी झाली वाटतं." तो म्हणाला, "धूळ हो, साहेब." त्याने पाहिलं की नाही ते मला कधी कळलं नाही. त्या दिवसापर्यंत तो माझ्या पुढे चालायचा. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या बाजूने चालायला लागला, आणि म्हणाला की पायाला काटा लागलाय, पुढे भरभर जमत नाही. मी रोझवीथाला सांगितलं नाही. फेर्डलला सांगितलं नाही. कुडू मिळाला नाही एवढंच सगळ्यांना सांगितलं, आणि पुढच्या जूनची तारीख ठरवून आलो.

"बायकोचा वाढदिवस बघा," बाई म्हणाल्या. "पुरुषमाणसं शेवटी तिथेच येतात. आयत्या वेळी दुसरं काही सुचत नाही त्यांना."

मी म्हटलं, "असलं खुळचट मी करत नाही." तरी लावला. सत्तावीस अकरा. लावताना मला बरं वाटलं, कारण हे तरी होतं, शाबूत होतं, कोणी नेलं नव्हतं. सत्तावीस नोव्हेंबर. बाहेर धुकं, चार वाजताच दिवे लावलेले, टेबलावर चेस्टनटचा केक, त्याच्यावरची साय कडेने ओघळलेली, आणि मेणबत्त्यांपलीकडे तिचा चेहरा. मी बोटाने साय पुसून घेतो आणि ती हातावर चापट मारते. मी कुलूप ओढलं. नाही उघडलं. जोरात ओढलं. बाईंनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की मी पेटी टेबलावर आपटतो आहे.

"तोडते मी," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं? दर मोसमात चार-पाच तोडते. परवा एक डॉक्टर आला होता, तुमच्याच तिकडचा. किल्लीचं कुलूप, आणि किल्ली पेटीच्या आत. बरं, मलाच ओरडतोय." त्यांनी खालच्या कप्प्यातून लांब दांड्यांची कातर काढली, कुलपाची कडी तिच्या तोंडात धरली, आणि दोन्ही दांडे पोटाशी घेऊन दाबले. फार लहानसा आवाज झाला. मला वाटलं होतं मोठा होईल.

झाकण उघडलं तर बंदुकीवर एक कागद होता. चौकटीचा, माझ्या जुन्या कचेरीतल्या वहीचा, मधोमध घडी घातलेला. पेटीतलं सगळं बाहेर काढून बघायचं हे त्यांचं काम, म्हणून तो त्यांनीच उचलला आणि उलगडला. त्यांचे ओठ हलू लागले. अक्षर माझं होतं, भाषा माझी होती, आणि त्या वाचत होत्या, अडखळत, पण वाचत होत्या. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "आउटजो गावाजवळ जर्मनांच्या शेतावर वाढले मी. आई स्वयंपाकघरात होती. मुरंब्याच्या बरण्यांवरून शिकले." पुढे वाचलं, थांबल्या, कागद माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं, "हा तुमचाय," आणि शेगडी नीट करायला म्हणून उठून गेल्या.

'ओटमार, ही पेटी तूच उघडली असशील तर हा कागद फाडून टाक, स्वतःला हस आणि शिकारीला जा. आकडा मुद्दाम सोपा ठेवला आहे. २७०९, रोझवीथाचा वाढदिवस. पेटी दुसऱ्या कोणाला उघडावी लागली असेल तर बंदूक हातात घ्यायची नाही. हिस्कियाला आठव. तू शब्द दिला आहेस. १ जून, सकाळी ९.४०.' खाली माझी सही, लपेटीसकट.

वेळ घातली होती. तेवढ्यावरून मला पटलं की हा मीच. तो एक जूनचा माणूस किती स्वच्छ डोक्याचा होता, किती कठोर, आणि माझ्याबद्दल त्याचं मत किती वाईट होतं! मला त्याचा हेवा वाटला. मग मी आकडा पुन्हा वाचला. सत्तावीस नऊ. मी अकरा लावले होते. म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये धुकं नसतं, चार वाजता दिवे लावत नाहीत, चेस्टनट तर झाडावरच असतात. मग तो केक कुणाचा? मेणबत्त्यांपलीकडे कोण होतं? मी तो चेहरा पुन्हा आणायचा प्रयत्न केला, आणि तो आला, आणि ती माझी आई होती. हातावर चापट मारणारी माझी आई. चव्वेचाळीस वर्षं जिच्या शेजारी निजलो तिच्या वाढदिवसाला मी आईला नेऊन बसवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. आकडा विसरलो असतो तर चाललं असतं. खुर्ची होती म्हणून बसलो.

बाई परत आल्या, छापील फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं. "नियमाप्रमाणे मालकाने बोल्ट काढून नळी रिकामी दाखवायची असते," त्या म्हणाल्या. मी हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसरा धरून ठेवला. बंदूक समोर होती, दस्त्यावरचा तो काळा डाग माझ्याकडे तोंड करून होता, आणि माझ्या बोटांना सगळं ठाऊक होतं, बोल्ट किती उचलायचा, किती मागे घ्यायचा. बोटं काहीच विसरली नव्हती. तीच तर भीती.

"बरं, मी काढते," त्या म्हणाल्या. काढला, नळीतून खिडकीकडे पाहिलं, नंबर वाचला, खूण केली. मग पेन एका ओळीवर येऊन थांबलं. "इथे असं आहे. पेटी मालकाने माझ्यासमक्ष उघडली. होय किंवा नाही. नाही असेल तर बंदूक आमच्याकडे राहते, मालक देश सोडेपर्यंत. होय असेल तर शिक्का." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थंडीने कुलूप धरलं होतं. मालक शेजारी उभे होते. मी होय लिहिलं तर खोटं असं काही होत नाही. कागदाचं म्हणाल तर मला तो वाचायला कोणी सांगितलेलं नाही."

इतकी माया माझ्यावर फार दिवसांत कोणी केली नव्हती. आणि मी ती घेणार होतो, हे मी कबूल करतो. कारण मला एक विचार सुचला, आणि तो इतका सोपा होता की त्याची मला लाज वाटेपर्यंत वेळ गेला. हा कागद मी खिशात घातला, वाटेत कुठे टाकला, की संध्याकाळपर्यंत तो मी विसरेन. नाहीतर उद्यापर्यंत. मग शब्द कोणी दिला आणि कोणाला? मी निर्दोष होईन. शेतावर विस्तव पेटलेला असेल, फेर्डल मांस उलटत असेल, बंदूक भिंतीला टेकलेली असेल, आणि मला काहीच ठाऊक नसेल. इतके दिवस जे माझं एकेक पळवून नेत होतं ते पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडणार होतं. "होय लिहा," एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"हिस्किया कोण?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, बाकी काही नाही. इकडचं नाव दिसलं म्हणून विचारलं.

"माझ्या पुढे चालतो तो," मी म्हणालो. "चालायचा. आता बाजूने चालतो."

त्यांना किती कळलं कोण जाणे. शेगडीची तार कुरकुरत होती. मी म्हणालो, "नाही लिहा." आणि लगेच म्हणालो, "लवकर लिहा." त्यांनी लिहिलं. मी सही केली, लपेटीसकट. त्यांनी पेटीला दोरी बांधली, दोरीला चिठ्ठी, आणि ती उचलून मागच्या लोखंडी कपाटात उभी केली, इतर लोकांच्या जप्त मालाशेजारी. कपाट लागलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त भूक लागल्यासारखं झालं. बाईंनी डब्यातला एक टोस्ट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "वाटेत खा, आजोबा," त्या म्हणाल्या, आणि या वेळी मला राग आला नाही.

बाहेर ऊन वर आलं होतं. फेर्डल शेतावरच्या गाडीशी उभा होता. त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, टोस्टाकडे पाहिलं, आणि विचारलं, "पेटी?"

"आत ठेवली. जाताना घेईन." आणि मग मी थांबूच शकलो नाही. गाडीच्या तापलेल्या पत्र्याला टेकून मी त्याला सगळं सांगितलं, भराभर, कारण उशीर केला तर मध्येच काहीतरी सुटून जाईल असं वाटत होतं. याकोमिनी चौक सांगितला, पाव सांगितले, वारूळ आणि शिंक सांगितली, आईचा केक सांगितला. तो बुटाने माती उकरत ऐकत होता. "आज संध्याकाळी मी बंदूक मागेन," मी म्हणालो. "मला ठाऊक नसेल. ओरडेन तुझ्यावर, चोर म्हणेन. तेव्हा सांग की ओटमार, तूच ठेवलीस, तुझ्या हाताने सही केलीस. रोज मागितली तर रोज सांग."

"सांगेन."

"एवढंच? दुसरं काही विचारायचं नाही तुला?"

"काय विचारू?" फेर्डलने टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली. "केक सोडला तर हे सगळं तू सांगितलंयस मला, ओटमार. चौकाचं आणि हिस्कियाचं मे महिन्यात, मंडळातून घरी जाताना. चिठ्ठीचं काल, विमानात. दोनदा."

गाडीचं इंजिन चालू होतं. मी म्हणालो, "आणि तरी तू मला आत एकट्याला जाऊ दिलंस? आकडा ठाऊक होता तुला?"

"होता. तूच सांगितलास, आणि शपथ घातलीस, तोंड उघडायचं नाही म्हणून. उघडली तर माझी मलाच उघडू दे, म्हणालास." त्याचा तो खाटकाचा मोठा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि तो दुसरीकडे बघायला लागला. "मी काचेतून तुझा अंगठा बघत होतो. सत्तावीस लावलंस ना, तेव्हा मी तिथे मोठ्याने म्हणालो, लेका, आता नऊ. फक्त नऊ. लोक बघायला लागले माझ्याकडे."